बत्तीसाब आणि आढीची खोली

२ मे

कॉलेजला सुट्टी लागली. पेपर तपासून झाले, त्यामुळे माझ्या लाल पेनाला घरातली माणसं सोडून दुसरं काही उरलेलं नाही. म्हणून ही वही.

घरात सध्या तीन माणसं आहेत, आणि आमच्याकडे हीच मोठी बातमी. लग्नापासूनच गुरुप्रसाद बोटीवर. इलेक्ट्रिकल ऑफिसर. बोटीवर त्या हुद्द्याला 'बत्तीसाब' म्हणतात, आणि मीही वहीत तेच म्हणणार. बत्तीसाब वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर आणि उरलेले आमच्याकडे पाहुणे. आले की शोकेसमधले निळ्या फुलांचे कप निघायचे, गेले की धुऊन पुसून परत आत. पाहुणा म्हणून माणूस चांगला; चहाला कधी नाव ठेवलं नाही. फेब्रुवारीत ते कायमचे निवृत्त होऊन आले. कप अजून बाहेरच आहेत. ते आत कधी ठेवायचे हे मला कुणी सांगितलेलं नाही.

तिसरी शमिका, आमची मुलगी. पुण्यात नोकरी. साहेबाच्या हातापाया पडून तिने मे महिना घरून काम करायची परवानगी मिळवलीय. महिना नीट गेला तर कायम रत्नागिरीतून काम. मीटिंगा तुटल्या तर जूनपासून पुन्हा पुणे. एकोणतीस तारखेला परदेशी गिऱ्हाइकासमोर तिचं मोठं सादरीकरण आहे, त्यावर निकाल.

मी तिला स्वच्छ सांगितलं, राहिलीस तर राहा, गेलीस तर जा, माझं काही अडत नाही.

तिच्या खोलीचे पडदे बदलले. जुने जरा जुने वाटत होते.

४ मे

आमच्या भिंती चिऱ्याच्या, दीड हात जाड. ओटीवरचं वायफाय माजघरात येईपर्यंत दमतं आणि शमिकाच्या मागच्या खोलीत त्याचा नुसता वास पोचतो. बत्तीसाबांनी एप्रिलभर खपून उपाय केला. त्याचं नाव मेश, म्हणजे जाळं. तीन गोल पांढरे डबे. एक ओटीवर, एक माजघरात, एक शमिकाच्या टेबलावर. हे डबे एकमेकांशी हवेतून बोलू शकतात, पण चिऱ्यापुढे हवेचंही काही चालेना, म्हणून प्रत्येकाला वायर ओढली. सगळ्या वायरी मधल्या अंधाऱ्या खोलीत येतात आणि एका लोखंडी डबीत शिरतात. त्या डबीला स्विच म्हणतात. तो दाबून काही लागत नाही. त्याच्या अंगावर बारके हिरवे दिवे लुकलुकतात, ते बघायचे आणि समाधान मानायचं.

"ह्याच वायरींतून त्या डब्यांना वीजसुद्धा जाते," बत्तीसाब म्हणाले. त्यांचा आवाज बारशाला मूल दाखवताना असतो तसा. "म्हणून हा जरा तापतो. पण खोली थंड आहे, मोकळी आहे. एक नंबर जागा."

खोली मोकळी आहे असं त्यांना वाटलं. घरी मे महिना क्वचितच पाहिला की असं होतं.

६ मे

सकाळी रावजी आले. रावजी शेजारचे, हापूसची कलमं राखून असतात, आणि आमचे वर्षाचे आंबे त्यांच्याचकडून येतात.

"वयनी, पयला तोडा हाय. कुठं ठेवू?"

"कुठे म्हणजे? आढीच्या खोलीत."

बत्तीसाब दारात येऊन उभे. "अगं, तिथे स्विच आहे."

"मग?"

"आंबे ओटीवर पिकत घातले तर?"

ओटीवरचे उंदीर कोण राखणार, असं मी विचारलं. एवढ्यावर थांबले असते तर चाललं असतं, पण मी कुठे थांबते? म्हटलं, तुम्ही सिंगापूरला होतात, रॉटरडॅमला होतात, तेव्हा ह्या खोलीत पेंढा मी घातला, थर मी लावले, नासका आंबा वासावरून मी हुडकला. बाकी घरात काय भोकं पाडायची ती पाडा. ह्या खोलीत तुमचं काही नाही. ह्या खोलीबद्दल मला एक शब्द ऐकायचा नाही.

रावजी पाटी डोक्यावर घेऊन भिंतीकडे बघत होते.

"बरोबर आहे," बत्तीसाब म्हणाले. "बोटीवरही गॅलीत शिरून आम्ही कुकला शिकवत नसू."

थोडक्यात, मी जिंकले. दुपारी त्यांनी आमटी दुसऱ्यांदा मागितली नाही. आमटी चांगली झाली होती.

७ मे

आढी लावली. खाली पेंढा, वर आंबे, वर पेंढा, पुन्हा आंबे. स्विचची फळी जमिनीलगत आहे, तिच्यापर्यंत नीट सारून घेतलं. डबी खुडूक कोंबडीसारखी उबदार आहे, त्या बाजूला मुद्दाम जास्त हिरवे ठेवले. निदान काहीतरी उपयोग.

दुपारी शमिकाची मीटिंग मधेच गोठली. पडद्यावर साहेबाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. शमिका म्हणाली तो तसाच बरा दिसतो, पण हसली नाही.

९ मे

रोज जेवणं झाली की नेट जातं. संध्याकाळी येतं. बत्तीसाब म्हणतात, स्विच मान टाकतो, मग डबे वायर सोडून हवेतून बोलायला जातात आणि चिऱ्यावर डोकं आपटतात.

केबलवाल्या दीपकला बोलावलं. हा माझा विद्यार्थी. बारावीला निबंधात त्याने 'सर्व काही ठीक आहे' हे वाक्य चार वेळा लिहिलं होतं. आज मोबाइलकडे बघत म्हणाला, "मॅडम, आमच्याकडून सगळं ओके दाखवतंय."

"पण आमच्याकडे बंद आहे."

"हो, पण आमच्याकडून ओके आहे."

मुलगा वाक्याला धरून राहिला एवढं मात्र खरं.

१० मे

बत्तीसाबांनी वायरींची टोकं कापून नवीन बसवली. मग वायरी अदलून बदलून पाहिल्या. मग एकेक डबा काढून दुसऱ्यावर घर चालवून पाहिलं. मी म्हटलं, बोटीवर असंच चालायचं का? म्हणाले, "बोटीवर असंच चालायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वाट बघायची." अशी बोट सिंगापूरला पोचायची कधी, हे विचारायचं राहून गेलं.

एक नवीन आहे. पहाटे हे आणि शमिका भाट्याच्या किनाऱ्यावर चालायला जाऊ लागलेत. परत येताना तिच्या चपलांत वाळू आणि यांच्या तोंडात बोलणं. माणूस एवढं बोलतो हे मला माहीत नव्हतं. तीन महिन्यांच्या सुट्टीत कधी एवढं पुढे गेलंच नाही.

१२ मे

आज बत्तीसाब बराच वेळ आढीच्या खोलीत बसून होते. बाहेर आले तेव्हा केसांत पेंढा होता. माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, मिटलं. मग टेबलफॅन नेऊन खोलीत लावला.

मी जाऊन बंद केला. आढीला वारा लागला की आंबा सुरकुततो, हे आमच्याकडे पोरांनाही माहीत असतं. म्हटलं, खोलीत बसायचंय तर घाम पुसा, पंखा कशाला?

"राहू दे," म्हणाले, आणि पंखा उचलून घेऊन गेले. त्यांचा उकाडा कधीपासून वाढला कोण जाणे. हा माणूस इंजिनरूमच्या भट्टीत नोकरी करून आलाय.

१४ मे

आज हाइट झाली. मी आंबे बघायला गेले तर बत्तीसाब आत, स्विचजवळचा सगळा पेंढा विस्कटलेला. मी दिसताच घाईघाईने हातातल्या वायरीचं टोक दिसेल त्या भोकात खुपसलं आणि उभे राहिले, सातवीतल्या पोरासारखे. पुढच्या क्षणाला डबीवरचे सगळे दिवे एकदम नाचायला लागले. शिमग्याला पालखी नाचवतात तसे. शमिका आतून ओरडली, "आई गं! सगळंच गेलं!"

झालं होतं असं की एकाच वायरीची दोन्ही टोकं त्याच डबीत. डबी स्वतःच बोलते, स्वतःच ऐकते, आणि ऐकलेलं पुन्हा मोठ्याने बोलते. बाकी कुणाला तोंड उघडायला वाव नाही. म्हटलं, आमच्या स्टाफरूममध्ये असे दोघे आहेत.

वायर काढली. पेंढा मी पुन्हा नीट दाबून बसवला. हा माणूस चुका करतो आणि आवरायचं मी.

१६ मे

पहिली आढी उतरवली. काय रंग! स्विचच्या बाजूचे तर सगळ्यांच्या आधी तयार. खोली रिकामी करून झाडली. पेट्या केळशीला ताईकडे रवाना.

योगायोगाने आज नेट दिवसभर चाललं.

१७ मे

आजही चाललं. शमिका खूष. "बाबा, काय केलंत तुम्ही?"

"मी काही नाही केलं."

हा त्यांचा विनय. मला विनय पटकन ओळखता येतो, कारण आमच्या खात्यात तो नाही.

१८ मे

रावजींचा दुसरा तोडा आला. आढी लावली. नेट दुपारी गेलं.

बत्तीसाबांनी स्विच भिंतीवर चढवला, वायरी पुरतील तेवढा, म्हणजे कमरेच्या उंचीवर. हे मात्र शहाणपणाचं केलं. खालची जागा सुटली. मी तिथे क्रेटवर क्रेट रचले, वर पेंढा, आता बरोबर डबीला टेकतं. बत्तीसाब बघत उभे होते. मी म्हटलं, कसं बसलं की नाही? म्हणाले, "बसलं."

२० मे

रावजी नारळ घेऊन आले. म्हणे यंत्राला काहीतरी बाधा आहे, गाऱ्हाणं घालू. मी नको म्हणायच्या आत स्विचपुढे हात जोडून सुरूसुद्धा झाले. "बा गावदेवा म्हाराजा, ह्या घरातली पोर तुज्या सावलीत काम करतेय, तिचा साहेब लांब पुन्याला बसलाय, त्याला हिचा आवाज जात नाय, तर वाटेत जो कुनी आडवा बसलाय त्याला बाजूला कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," बत्तीसाब म्हणाले. जरा मोठ्यानेच.

एरवी देवाला लांबून नमस्कार करणारा माणूस. निवृत्तीनंतर श्रद्धा वाढते असं ऐकलं होतं.

जाता जाता रावजींनी पेंढ्यात हात घातला. "वयनी, आडी लय तापलीय वो. पयल्यापेक्षा."

"म्हणून तर लवकर पिकतात," मी म्हटलं. आढी कशी लावायची हे शिकायला लोकांनी माझ्याकडे यावं.

२३ मे

शमिकाच्या साहेबाचा निरोप: रत्नागिरी सुंदर असेल, पण तिथून आवाज येत नाही. एकोणतीसला असं झालं तर पुढचं बोलायला नको.

जेवताना ती म्हणाली, "मी आधीच जाते ना पुण्याला. सादरीकरण तिथूनच करते. उगाच तुम्हा दोघांना ताप."

मी म्हटलं, जा की. कुणी धरलंय?

बत्तीसाबांचा घास हातात राहिला. "शमू, एकोणतीसपर्यंत थांब," म्हणाले. "मी बघतो."

"बाबा, तुम्ही दोन आठवडे बघताय."

"तुझ्या पहिलीच्या गॅदरिंगला मी पोर्ट सईदला होतो," ते म्हणाले. "दहावीच्या निकालाला ब्राझीलला. आता घरी आहे, तर एवढं बघू दे."

मी कढी वाढली. कढीत मीठ जास्त पडलं होतं बहुतेक, सगळ्यांचेच डोळे जरा तसे झाले.

दुपारी शमिकाची बॅग पलंगाखालून काढून माळ्यावर टाकली. पलंगाखाली झाडायचं होतं.

२४ मे

बत्तीसाब बाजारातून चार फळ्या आणि लोखंडी कोन घेऊन आले. दिवसभर ठाकठूक करून ओटीवर एक मांडणी बनवली. बारीक जाळीचं दार, पायांना खाली पत्र्याच्या टोप्या, उंदीर चढू नये म्हणून. रंगसुद्धा दिला. मला बोलावून दाखवली. "कशी आहे?"

"चांगली आहे. काय ठेवणार, तुमची हत्यारं?"

त्यांनी जाळीचं दार एकदा उघडून मिटलं. "बघू," म्हणाले.

स्क्रूड्रायव्हरला उंदीर लागतो हे मला नवीन होतं.

२७ मे

शेवटचा तोडा. सगळ्यात मोठा. ह्यातल्या पेट्या शमिकाच्या ऑफिसात पाठवायच्या, तिच्या साहेबालाही. आंबा खाल्ला की माणसाचं मत मऊ होतं. त्यामुळे कसूर ठेवली नाही. छातीइतकी आढी, डबी चारही बाजूंनी पेंढ्यात. वरून गोणपाट.

बत्तीसाब दोनदा दारापर्यंत आले आणि दोनदा परत गेले. त्यांना काय झालंय? परवा पोरीचं एवढं काम, आणि हे फेऱ्या मारतायत.

२९ मे

हे नीट लिहायला हवं.

सादरीकरण दुपारी होतं. शमिका माझी जांभळी ओढणी घेऊन बसली. बत्तीसाब ओटीवरच्या डब्यापाशी. मला काही काम दिलेलं नव्हतं, म्हणून मी आंबे परतायला आढीच्या खोलीत गेले.

गोणपाट उचललं तर भाजल्यासारखा वाफारा आला. पेंढ्यात हात घातला, बोटं डबीला लागली आणि मी चटकन हात मागे घेतला. चहाच्या पातेल्याला लागतो तसा चटका. डबीवर एकही दिवा नाही. आणि भिंतीपलीकडून शमिकाचा आवाज: "हॅलो? हॅलो, माझा आवाज येतोय का?"

माणसाला कधीकधी सगळं एकदम कळतं आणि ते अजिबात आवडत नाही. सोळा तारीख, अठरा तारीख, पंखा, केसांतला पेंढा, जाळीच्या दाराची मांडणी. वाटेत आडवं बसलेलं कोण, ते गावदेवाला तरी माहीत होतं.

मी पेंढा उपसला. दोन्ही हातांनी, मागे टाकत, आंबे घरंगळले तरी बघितलं नाही. डबी मोकळी केली, तिची विजेची वायर काढून पुन्हा लावली. पेटीचं पुठ्ठ्याचं झाकण घेतलं आणि वारा घालू लागले. पंचवीस वर्षं मराठी शिकवलेली बाई, गुडघ्यावर बसून, एका लोखंडी डबीला वारा घालते आहे. एक दिवा लागला. मग दुसरा. मग सगळे. पलीकडे शमिका म्हणाली, "सॉरी, हां, आता ऐकू येतंय? तर मी म्हणत होते..."

मी हात थांबवला नाही. तिचं इंग्रजी भिंतीतून येत होतं, ठाम, न अडखळता. मला अर्धंच कळत होतं, पण मी सगळं ऐकलं.

दारात सावली पडली. बत्तीसाब. त्यांनी मला बघितलं, झाकणाकडे बघितलं, घरंगळलेल्या आंब्यांकडे बघितलं. गेले आणि टेबलफॅन घेऊन आले. पिन लावायच्या आधी थांबले.

"आढीला वारा लागेल," म्हणाले.

"लागू दे," मी म्हटलं.

पंखा सुरू झाला. आम्ही दोघं पेंढ्यात बसलो.

"कधीपासून माहीत होतं?"

"तू पंखा बंद केलास, त्याच्या आदल्या तासापासून."

"मग बोलायला काय झालं होतं? पोरगी चालली होती!"

"तू म्हणालीस, ह्या खोलीत तुमचं काही नाही." पेंढ्याची काडी उचलत म्हणाले, "ते खोटं नव्हतं ना, गोदा. म्हणून बोललो नाही. पण आज पंखा घेऊन येणारच होतो. भांडण झालं असतं तरी."

मला उत्तर सुचलं नाही. तारीख टाकून ठेवते आहे, पुन्हा कधी होईल सांगता येत नाही.

३१ मे

साहेबाचा निरोप आला. शमिका राहणार. ती नाचत सांगायला आली तेव्हा मी म्हटलं, बरं. मग न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं. उकडत होतं.

आंबे व्हायचे ते झालेत, सुरकुतलेले. साहेबाला ते पाठवता येत नाहीत. शमिका म्हणते असेच गोड लागतात. रावजी एक हातात घेऊन म्हणाले, "वयनी, ह्याला काय झालं?" मी म्हटलं, वारा लागला. रावजी बत्तीसाबांकडे बघून हसले. म्हणजे त्यांनाही माहीत होतं! गाऱ्हाणं दोघांनी ठरवून घातलं होतं की काय, हे मी विचारणार नाही. उत्तर मिळेल अशी भीती वाटते.

४ जून

पुढच्या वर्षी आढी ओटीवरच्या मांडणीत लागेल. खालच्या फळीला दोन बोटं जागा कमी आहे, ते सांगितलंय. "करतो," म्हणाले.

स्विच मात्र त्या खोलीत नको असं ठरलं. मे महिन्याचा काय भरवसा. बत्तीसाब टेप घेऊन घरभर फिरले. सगळ्या वायरी पोचतील, हवा लागेल, हाताशी असेल अशी एकच जागा निघाली: शोकेस. विचारायला माझ्याकडे आले. मी म्हटलं, त्यात निळे कप जायचेत परत.

मग मीच कप कागदात गुंडाळून माळ्यावर टाकले, शमिकाच्या बॅगेशेजारी. शोकेसच्या मागे भोक पाडायला त्यांना संध्याकाळ झाली. आता पाहुणे आले की काचेआड त्यांना हिरवे दिवे दिसतील.

सकाळी मी बत्तीसाबांना आमच्या रोजच्या कपातून चहा दिला, कान तुटलेल्या. त्यांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर कमी आहे."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी वर्तमानपत्रातून मान काढली नाही.

"डबा स्वयंपाकघरात आहे," म्हटलं. "शोधा."

आत बराच वेळ डबे वाजत राहिले.